चालत्या यंत्राला नवी नक्षी

सांगलीहून बुधगावच्या रस्त्याला लागले की माधवनगर येते. गावात शिरताच यंत्रमागांचा खडखडाट कानी पडतो. एखाद्या कारखान्यात डोकावून पाहिले, तर शेजारीशेजारी दोन माग चालू असलेले दिसतात. दोघांची बनावट एकच, मोटार सारखीच, धोटाही तसाच. तरीपण एकावर साधे कापड उतरते आहे आणि दुसऱ्यावरच्या कापडाला नक्षीदार काठ आहे. हा फरक मागाच्या सांगाड्यात शोधून सापडणार नाही. तो आहे दुसऱ्या मागाला जोडलेल्या, संथपणे फिरणाऱ्या एका साखळीत. ही साखळी काढून दुसरी चढवली की नक्षी बदलते. माग मात्र तोच राहतो.

यंत्र एक आणि त्याने काय करावे हे सांगणारी वस्तू दुसरी, ही कल्पना आज संगणकाच्या जगात सर्वत्र वापरली जाते. संकेतस्थळाचा साचा एकाने तयार केलेला असतो, आणि तो आपल्याला हवा तसा बदलणारी आज्ञावली दुसराच कोणी पुरवतो. तीही संकेतस्थळ चालू असताना! हे कसे घडते आणि त्यात धोका कोणता, हे समजून घ्यावयाचे असेल, तर मागापासूनच सुरुवात करणे सोयीचे आहे.

धागा उचलावा की नाही?

कापडातील उभ्या धाग्यांना ताणा व आडव्या धाग्याला बाणा म्हणतात. ताण्याचे काही धागे वर उचलले जातात, काही खालीच राहतात. मधल्या फटीतून धोटा बाणा घेऊन पलीकडे जातो आणि फणी तो धागा ठोकून बसवते. कोणत्या फेरीला कोणते धागे उचलावयाचे, एवढ्या एकाच गोष्टीवर कापडाची वीण ठरते.

साधे काठ विणण्यासाठी मागाला डॉबी जोडतात. ताण्याचे धागे ज्या 'वही'तून ओवलेले असतात, तिच्या अनेक चौकटी असतात. डॉबीच्या साखळीतील प्रत्येक पट्टीवर भोके असतात. ज्या भोकात खुंटी बसवली असेल, ती चौकट त्या फेरीला उचलली जाते. समजा, आठ चौकटी आहेत. प्रत्येकीला वर किंवा खाली असे दोनच पर्याय असल्याने एका फेरीला २⁸ म्हणजे २५६ प्रकारांनी धागे उचलता येतात.

फुले, पक्षी, कुयऱ्या अशी मोठी नक्षी हवी असेल तर जकार्ड लागतो. सोलापूरच्या चादरींवरील नक्षी जकार्डवरच विणली जाते. यात चौकटींऐवजी शेकडो स्वतंत्र आकडे असतात. प्रत्येक आकड्याला एक आडवी सुई जोडलेली असते. प्रत्येक फेरीला भोके पाडलेले एक जाड कार्ड या सुयांवर दाबले जाते. कार्डाला जेथे भोक आहे तेथे सुई आत शिरते, आकडा सरळ राहतो आणि वर जाणाऱ्या पट्टीत अडकून आपले धागे उचलतो. जेथे भोक नाही तेथे सुई मागे ढकलली जाते, आकडा पट्टीपासून दूर सरतो आणि धागे खालीच राहतात. उचललेले धागे परत खाली आणण्याचे काम दोऱ्यांना लोंबणारी वजने करतात, म्हणजे अर्थातच गुरुत्वाकर्षण. ४०० आकड्यांच्या जकार्डात एका फेरीचे २⁴⁰⁰ प्रकार संभवतात. ही संख्या १२१ अंकी आहे!

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जकार्ड बनविणाऱ्याला त्यावर कोणती नक्षी विणली जाणार हे मुळीच ठाऊक नसते. त्याने फक्त एक करार केलेला असतो: भोक म्हणजे उचल, भोक नाही म्हणजे उचलू नको. हा करार पाळणारे कोणाचेही कार्ड त्या यंत्रावर चालते.

कार्डापासून संगणकापर्यंत

फ्रान्समधील लिआँ हे रेशमी कापडाचे मोठे केंद्र. तेथे बूशाँ याने १७२५ साली भोके पाडलेल्या कागदी पट्टीने धागे निवडण्याची युक्ती काढली. थोड्याच वर्षांत फाल्कन याने पट्टीऐवजी एकमेकांना जोडलेली कार्डे वापरली. या सर्व सुधारणा एकत्र करून जोसेफ मारी जकार्ड याने १८०४ साली आपले यंत्र सिद्ध केले. इंग्लंडमधील गणिती चार्ल्स बॅबेज याने ही कार्डे आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी घेतली. त्याच्या आराखड्यात क्रिया सांगणारी कार्डे वेगळी आणि ती कोणत्या संख्यांवर करावयाची हे सांगणारी कार्डे वेगळी होती.

विसाव्या शतकात ही विभागणी मोडली. १९४५ साली जॉन फॉन नॉयमन याने लिहिलेल्या अहवालात असे मांडले होते की, आज्ञा आणि संख्या दोन्ही एकाच स्मृतीत ठेवाव्यात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्णपणे कार्यान्वित झालेला टिफ्रॅक हा संगणकही याच जातीचा होता. या मांडणीमुळे संगणकाला अफाट सामर्थ्य मिळाले, कारण चालू असतानाच नव्या आज्ञा स्मृतीत आणून त्याप्रमाणे वागणे त्याला शक्य झाले. पण त्याबरोबर एक अडचणही आली. स्मृतीतील एखादी गोष्ट ही नुसती माहिती आहे की आज्ञा आहे, हे तिच्या रूपावरून ओळखता येत नाही. पुढे येणाऱ्या सर्व धोक्यांचे मूळ या एका वाक्यात आहे.

साचा आणि रिकाम्या जागा

संकेतस्थळाचा साचा म्हणजे छापील अर्जासारखा मजकूर. शाळेच्या गुणपत्रकाचेच उदाहरण घ्या. शाळेचे नाव, रकाने, खालची सहीची जागा हे सर्व ठरलेले. विद्यार्थ्याचे नाव आणि गुण यांच्या जागा तेवढ्या रिकाम्या. संगणक त्या भरून पान तयार करतो. इथवर प्रकरण सरळ आहे, कारण बाहेरून येते ती केवळ माहिती.

पण समजा, एका शाळेला ३५ पेक्षा कमी गुणांखाली सूचना हवी आहे आणि दुसरीला गुणांऐवजी श्रेणी हवी आहे. साचा तयार करणाऱ्याने जगातील प्रत्येक शाळेची इच्छा आधीच ओळखणे शक्य नाही. मग तो साच्यात काही ठिकाणे मोकळी ठेवतो आणि सांगतो, "येथे तुमची आज्ञावली जोडा. पान तयार होताना मी तिला हाक मारीन." २००३ साली सुरू झालेल्या आणि आज असंख्य संकेतस्थळे ज्यावर उभी आहेत त्या वर्डप्रेसमध्ये अशा ठिकाणांना 'हूक' म्हणजे आकडेच म्हणतात. जकार्डाच्या आकड्यांशी हे नामसाधर्म्य योगायोगाचे असले, तरी लक्षात ठेवावयास सोयीचे आहे.

चालू आज्ञावली नवी आज्ञावली कशी सामावून घेते? त्याच्या पायऱ्या चार. प्रथम ती नवा मजकूर वाचते. त्या क्षणी तो केवळ अक्षरांची माळ असतो. मग व्याकरणाचे नियम लावून त्या अक्षरांतून आज्ञा ओळखते. नंतर त्या आज्ञांचा गट ठरलेल्या नावाशी जोडते. आणि शेवटी ठरलेल्या ठिकाणी पोचल्यावर त्या नावाने हाक मारून उत्तर घेते. दुसऱ्या पायरीवर माहितीची आज्ञा झाली, हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच.

प्रदर्शनातील काठ

आमच्या महाविद्यालयातील विज्ञान प्रदर्शनासाठी विद्यार्थ्यांनी संगणकावर 'तुमचा काठ तुम्हीच विणा' असे एक पान तयार केले होते. पानावर ४० ओळी आणि ४० स्तंभ यांचे चौकोनी जाळे होते. पाहणाऱ्याने एका पेटीत नियम लिहावयाचा. संगणक प्रत्येक चौकोनासाठी, म्हणजे १,६०० वेळा, त्या नियमाला ओळ व स्तंभ यांचे क्रमांक देऊन विचारी: येथे ताण्याचा धागा उचलू की नको? 'हो' आले तर चौकोन काळा, 'नाही' आले तर पांढरा.

'ओळ आणि स्तंभ यांची बेरीज सम असेल तर उचल' असा नियम लिहिला की बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन उमटत. हीच साधी वीण. 'बेरजेला ४ ने भागून उरणारी बाकी २ पेक्षा कमी असेल तर उचल' असे लिहिले की तिरप्या रेघा दिसत. ही ट्विल वीण. जीनच्या कापडावरील तिरप्या रेघा याच कुळातील. पाहणाऱ्यांना मोठी मौज वाटली. चांगल्या नियमांची यादी साठवून ठेवण्याचीही सोय होती.

पहिल्याच दिवशी दुपारी पान गोठले. एका मुलाने आपल्या नियमात एक संख्या घेऊन ती शून्य होईपर्यंत तीतून २ वजा करीत जाण्यास सांगितले होते. ८ पासून निघाले तर हे ठीक आहे: ६, ४, २, ०. पण ७ पासून निघाल्यावर ५, ३, १ आणि नंतर थेट उणे १! शून्य कधी येणारच नाही. संगणक बिचारा वजाबाकी करीत बसला, आणि पानाचे बाकी सर्व काम त्याच्या मागे खोळंबले.

दुसऱ्या दिवशी त्याहून वाईट घडले. एका विद्यार्थिनीने आपल्या नियमात 'यादी' नावाची रिकामी जागा तयार केली. मुळात पान तयार करणाऱ्यांनीही साठवलेल्या नियमांच्या संचाला 'यादी' हेच नाव दिलेले होते. दोघांचे कोठार एकच असल्याने तिची रिकामी यादी मूळ यादीच्या जागी बसली आणि दोन दिवसांत मुलांनी जमवलेले सारे काठ नाहीसे झाले. ती विद्यार्थिनी रडवेली झाली. तिची चूक नव्हती. तिने आपल्या वहीत लिहावे तसे लिहिले होते. तिची वही आणि आमची वही एकच आहे, हे आम्ही तिला सांगितले नव्हते आणि आमच्याही ते ध्यानात आले नव्हते.

दहा लाख पानांवर एकच वाक्य

आमच्याकडे झाले ते अजाणता. कोणी जाणूनबुजून केले तर काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. मायस्पेस या संकेतस्थळावर प्रत्येक सभासदाला आपले पान स्वतः सजवण्याची मुभा होती. त्यासाठी सभासद रचनेच्या खुणा लिहून देत. त्यांतून कोणी आज्ञा घुसडू नये म्हणून काही शब्दांवर बंदी होती. ऑक्टोबर २००५ मध्ये सॅमी कॅमकार या १९ वर्षांच्या तरुणाने अशा एका बंदी असलेल्या शब्दाचे दोन तुकडे करून ते दोन ओळींवर लिहिले. तपासणाऱ्या आज्ञावलीला तो शब्द ओळखू आला नाही. पण पाहणाऱ्याच्या संगणकावरील काही ब्राउझर दोन्ही तुकडे जोडून तो एकच शब्द म्हणून वाचीत.

परिणाम असा झाला की, जो कोणी सॅमीचे पान उघडी, त्याच्या नावाने सॅमीला मैत्रीची विनंती जाई, त्याच्या पानावर 'सॅमी माझा नायक आहे' अशा अर्थाचे वाक्य उमटे आणि तीच आज्ञावली त्याच्याही पानात शिरे. मग ते पान पाहणाऱ्याचीही तीच गत. सुमारे २० तासांत दहा लाखांहून अधिक पानांवर ते वाक्य झळकले आणि मायस्पेसला आपले काम काही काळ बंद ठेवावे लागले. पुढे २००७ साली सॅमीने न्यायालयात गुन्हा कबूल केला.

यात एक धडा आहे. 'हे शब्द चालणार नाहीत' अशी यादी कधीच पुरी होत नाही, कारण नवी पळवाट शोधणारा नेहमी एक पाऊल पुढे असतो. 'एवढेच चालेल, बाकी काही नाही' अशी यादी करणे अधिक सुरक्षित.

जकार्डाला भीती का नाही?

आता पुन्हा मागाकडे वळू. अनोळखी माणसाने दिलेले कार्ड जकार्डावर चढवले तर वाईटात वाईट काय होईल? कापड बिघडेल. ते कार्ड शेजारचा माग बंद पाडू शकत नाही, मालकाची तिजोरी उघडू शकत नाही, किंवा जुन्या कार्डांची भोके बुजवू शकत नाही. कार्डाची भाषा फार गरीब आहे. तिच्यात 'उचल' आणि 'उचलू नको' याखेरीज शब्दच नाहीत. हे दारिद्र्यच तिचे कुंपण आहे.

संगणकाची भाषा याच्या उलट, अतिशय श्रीमंत. तिच्यात जे जे सांगता येते ते ते सर्व यंत्राकडून करवून घेता येते. म्हणून परक्या आज्ञावलीला घरात घेताना कुंपण आपण घालावे लागते. ते तीन प्रकारचे असते.

पहिले कुंपण खोलीचे. परकी आज्ञावली वेगळ्या खोलीत चालवावयाची. तिला आपले कोठार दिसत नाही. एका खिडकीतून प्रश्न आत जातो आणि उत्तर बाहेर येते. मग तिने आपल्या खोलीत हवी तितकी 'यादी' तयार करावी, आपल्या यादीला धक्का लागत नाही.

दुसरे कुंपण मर्यादेचे. घरातील विजेच्या सॉकेटमध्ये आपण काय खुपसणार हे वायरमनला ठाऊक नसते. म्हणून तो फ्यूज घालतो. प्रवाह प्रमाणाबाहेर गेला की तार वितळते आणि घर वाचते. तसेच येथे वेळेचे बंधन घालावयाचे: एका सेकंदात उत्तर आले नाही तर ती खोलीच बंद. आधी तपासून का कळू नये, असे कोणी विचारील. ॲलन ट्यूरिंग याने १९३६ साली केलेल्या कामातून हे सिद्ध झाले आहे की, कोणतीही आज्ञावली दिली असता ती कधीतरी थांबेल की नाही, हे प्रत्येक वेळी अचूक सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. म्हणून फ्यूज हवाच.

तिसरे कुंपण भाषेचे. नियम लिहिण्यासाठी आपणच एक छोटी भाषा ठरवावयाची. आमच्या विद्यार्थ्यांनी अखेर हेच केले. ओळ, स्तंभ, अंक, बेरीज, वजाबाकी, गुणाकार, बाकी आणि लहानमोठेपणाची तुलना, एवढेच शब्द ठेवले. 'पुन्हा पुन्हा कर' हा शब्दच काढून टाकला. त्यामुळे प्रत्येक नियम ठराविक पायऱ्यांत संपणारच, याची खात्री झाली. साधी वीण, ट्विल, चौकडी, पायऱ्यांचे काठ, सर्व त्यात लिहिता येत होते.

फक्त कुयरी येत नव्हती. ती यादी पुसली गेलेली विद्यार्थिनीच म्हणाली, "सर, मला कुयरी नियमाने नाही काढता येत, हाताने काढता येते." मग तिने चौकटीच्या कागदावर कुयरी रंगवली आणि काळ्या चौकोनाला १ व पांढऱ्याला ० असे आकडे संगणकाला दिले. भोक आहे, भोक नाही! दोन शतके फिरून आम्ही पुन्हा जकार्डाच्या कार्डापाशी आलो होतो, आणि तेथे कुंपणाची गरजही उरली नव्हती. बाहेरून आलेल्या त्या आकड्यांना आज्ञा होण्याची संधीच नव्हती.

बाहेरच्याला किती सामर्थ्य द्यावे, याचे उत्तर यातच आहे: त्याच्या कामाला पुरेल एवढे. आकड्यांनी काम भागत असेल तर आज्ञावली घेऊ नये. छोट्या भाषेने भागत असेल तर मोठी देऊ नये. मोठीच द्यावी लागली तर खोली आणि फ्यूज यांशिवाय देऊ नये. शाळेचे संकेतस्थळ सांभाळणाऱ्या शिक्षकांनीही हे ध्यानात ठेवावे. वर्डप्रेसला जोडलेला प्रत्येक 'प्लगइन' मूळ आज्ञावलीइतक्याच अधिकाराने चालतो. मुलांची नावे, पत्ते आणि गुण जेथे ठेवलेले आहेत, त्या घराची किल्ली फुकट मिळालेल्या सुंदर साच्याच्या हाती देण्यापूर्वी तो कोठून आला, हे पाहिलेच पाहिजे.

करून पाहा

चौकटीच्या कागदावर ८ ओळी व ८ स्तंभ आखा. क्रमांक १ ते ८ द्या. वर दिलेले दोन्ही नियम लावून काळे चौकोन रंगवा. मग दोन रंगांच्या कागदी पट्ट्या कापून, उभ्या आठ व आडव्या आठ, त्याप्रमाणे विणून पाहा. काळ्या चौकोनात उभी पट्टी वर आली पाहिजे.

आता तिसरा नियम घ्या: 'ओळ सम असेल तर उचल'. स्तंभाचा त्यात उल्लेखच नाही. नियम निर्दोष आहे, तो लगेच संपतो आणि कोणाचे काही बिघडवत नाही. सर्व कुंपणांतून तो सहज पार होईल. या नियमाने पट्ट्या विणा आणि आडव्या पट्ट्यांपैकी एक हलकेच ओढून पाहा. काय होते आणि ते का होते, याचा विचार करा. कुंपण यंत्राचे रक्षण करते. कापड चांगले विणले जाईल की नाही, हे मात्र नियम लिहिणाऱ्यालाच पाहावे लागते.